न थांबणाऱ्या चाकांचा लाकडी संच: चाकं थांबतात, तरी संच घेण्यासारखा आहे

सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला इंजिनिअरिंगच्या पोरांना प्रोजेक्टचं सामान विकणारी दुकानं आहेत. तिथे सध्या एक चपटं खाकी खोकं दिसतं. वर चाकाचं चित्र आणि खाली ठसठशीत अक्षरांत ‘एकदा फिरवा, फिरतच राहील’. किंमत ३,२०० रुपये. माल कुपवाडच्या एका छोट्या कारखान्यात तयार होतो. इंधन, वारा, बैल काहीही न लावता कायम चालणारं यंत्र बनवायचा नाद युरोपात सोळाव्या ते अठराव्या शतकात फार जोरात होता. त्या काळातल्या आणि त्याआधीच्या मिळून सात रचना यात जोडून बघता येतात.

खोक्यावरचं वाक्य साफ खोटं आहे. आतलं सामान मात्र बहुतांशी चोख आहे. सातपैकी चार रचना उत्तम, दोन कामचलाऊ आणि एक केवळ सात हा आकडा भरायला घातलेली. सोबतची पुस्तिका सगळ्यांत कच्ची. ‘चाक फिरत का नाही’ हे मोजून बघायचं असेल तर एवढ्या पैशांत याच्या तोडीचं दुसरं काही सांगलीत मिळत नाही. चाक फिरवून दाखवायच्या इराद्याने घेणाऱ्याचे पैसे बुडाले.

खोक्यात ६ मिमी प्लायचे लेझरने कापलेले भाग, ३०० मिमी व्यासाची तीन चाकं, ८ मिमी ब्राइट बारच्या (चकचकीत गोल पोलादी सळईच्या) आस, ६०८ नंबरची सहा बेअरिंगं, १२ मिमीचे पोलादी गोळे, पारदर्शक नळी, पीव्हीसी पाइपचे तुकडे, पितळी रिव्हेट, दोन निओडिमियम चुंबक आणि नट-बोल्टची पुडी येते. फेविकॉल, पॉलिश पेपर, बारीक कानस आणि १३ चा पाना आपला. प्लायच्या कडा लेझरने काळ्या पडलेल्या असतात. खाचेत भाग बसवण्याआधी ती काजळी पॉलिश पेपरने काढावी लागते, नाहीतर फेविकॉल धरत नाही आणि आठवड्याभरात सांधे खुळखुळू लागतात.

पहिली अडचण बेअरिंगची. ६०८ हे बेअरिंग ओझं घेऊन जोरात फिरण्यासाठी बनलेलं, म्हणून कंपनी त्यात घट्ट ग्रीस भरून दोन्ही बाजूंनी पत्र्याची झाकणं दाबते. आपलं चाक अर्ध्या किलोचं आणि हळू फिरणारं, त्यामुळे ते ग्रीसच त्याला अडवतं. खोक्यातली बेअरिंगं जशीच्या तशी लावली तर रिकामं चाकसुद्धा आठ-दहा फेऱ्यांत थांबतं, मग दोष रचनेचा की ग्रीसचा हे कळायला मार्ग उरत नाही. टाचणीने एका बाजूचं झाकण उचकटून काढायचं, बेअरिंग रॉकेलमध्ये किंवा पेट्रोलमध्ये बुडवून हलवायचं, वाळू द्यायचं आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडायचा. एवढं केल्यावर तेच रिकामं चाक हाताच्या एका झटक्यावर तीन-चार मिनिटं फिरतं. ही पायरी पुस्तिकेत नाही, हे अक्षम्य आहे.

दुसरी गोष्ट समतोल. आस काचेवर लोळवून सरळ आहे ना ते बघा, स्टँड पाणसळ लावून पातळीत आणा आणि मग रिकामं चाक बसवा. प्रत्येक वेळी तोच आरा खाली येऊन थांबत असेल तर ती बाजू जड आहे. तिथे कानस मारा किंवा समोरच्या बाजूला धावेवर (चाकाच्या बाहेरच्या कडेवर) वॉशर चिकटवा. चाक कुठेही सोडलं तरी तिथेच उभं राहिलं पाहिजे. हे न करता गोळे भरले की चाक एका ठरावीक जागेवरून हमखास पुढे झुकतं आणि बघणाऱ्याला वाटतं, थोडं तेल घातलं की चालेल. तीनशे-चारशे वर्षांपूर्वी घरदार विकून या नादी लागलेल्यांना नेमका हाच चकवा बसत असणार.

आता गोळ्यांचं चाक. यात बारा वाकडे कप्पे आहेत, प्रत्येकात एक गोळा, साधारण ७ ग्रॅमचा. उजवीकडून उतरताना गोळा धावेकडे घरंगळतो, डावीकडून चढताना आसाकडे येतो. लांबचं वजन जास्त ओढतं, म्हणून चाक उजवीकडे फिरत राहावं असा तर्क. लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांत अशा चाकांची बरीच चित्रं आहेत आणि या नादाला लागलेल्यांची त्याने सोनं बनवू बघणाऱ्यांशी तुलना करून टरही उडवली आहे. इंग्लंडच्या वूस्टरच्या मार्क्विसने (हा मोठा सरदार) १६६३ च्या आपल्या शोधांच्या यादीत १४ फुटी चाकाचं वर्णन दिलंय. त्यावर प्रत्येकी ५० पौंडांची ४० वजनं होती आणि ते लंडनच्या टॉवरमध्ये राजासमोर फिरवून दाखवल्याचं तो लिहितो.

तर्कात खोट कुठे आहे ते या चाकावर अर्ध्या तासात हाती लागतं. चाक आपोआप थांबलं की आसावरून दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडा. ओळंब्यापासून प्रत्येक गोळ्याच्या मध्यापर्यंतचं आडवं अंतर मोजपट्टीने मोजा. एका थांबलेल्या स्थितीतली मापं मिलिमीटरमध्ये अशी मिळतात. उजवीकडे पाच गोळे: ५८, ११२, १३१, १०८, ४७. बेरीज ४५६. डावीकडे सात गोळे: २४, ६१, ८४, ९३, ८८, ६८, ४१. बेरीज ४५९. गोळे सगळे सारख्या वजनाचे, त्यामुळे वजन गुणिले अंतर हा हिशोब नुसत्या अंतरांच्या बेरजेवर उरतो. उजवीकडचे गोळे लांब आहेत, पण संख्येने कमी आहेत. डावीकडचे जवळ आहेत, पण जास्त आहेत. उरलेला ३ मिमीचा फरक बेअरिंगचं घर्षण सहज पेलतं. कप्प्यांचा आकार बदला, संख्या वाढवा, आसाजवळचा वाक आणखी खोल करा, लांब गेलेल्यांची संख्या त्या प्रमाणात घटते आणि चाकाला थांबायला कुठेतरी जागा मिळतेच.

याच चाकावर आणखी एक चाचणी करा, ती संचातली सगळ्यांत बोलकी आहे. गोळे सुटे ठेवून चाक मिनिटाला साठेक फेऱ्यांच्या वेगाने सोडलं तर ते पाऊण मिनिटाच्या आसपास थांबतं. तेच बारा गोळे धावेशी सेलोटेपने चिकटवून टाका, म्हणजे ‘यंत्र’च बंद करा, आणि तेवढ्याच वेगाने सोडा. आता चाक दुपटीहून जास्त वेळ फिरतं! सुटा गोळा घरंगळून कप्प्याच्या भिंतीवर आदळतो तेव्हा जो ‘टक’ आवाज येतो तो चाकाच्या ऊर्जेतूनच आलेला असतो. फेरीला बारा गोळे दोनदा आदळले की चोवीस वेळा गळती. फिरवण्यासाठी बसवलेली युक्तीच चाकाला अडवते.

व्हिडिओंमध्ये अशी चाकं गरगर फिरताना दिसतात त्याचंही उत्तर इथेच मिळतं. १३५ मिमी त्रिज्येवरच्या गोळ्याला मिनिटाला सुमारे ८० फेऱ्यांच्या पुढे धाव सोडता येत नाही. वर पोचल्यावरही तो खाली न पडता बाहेरच दाबलेला राहतो. म्हणजे जोरात फिरणाऱ्या चाकात गोळे जागचे हलतच नाहीत. ते साधं जड चाक असतं, पहिल्या धक्क्यावर चाललेलं, आणि चाक थांबायच्या आत चित्रण कापलेलं.

हातोड्यांचं चाक याच जातीचं, पण जास्त जुनं. फ्रान्सच्या व्हिलार द ऑनकूरने तेराव्या शतकात आपल्या वहीत धावेवर बिजागरीने लटकणारे सात हातोडे काढले होते. संचात सातही हातोडे पितळी रिव्हेटवर झुलतात. रिव्हेट ठोकताना हातोडा आणि धाव यांच्यामध्ये व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा धरा आणि मग ओढून काढा, तेवढी फट पुरते. फट जास्त झाली तर हातोडे आडवे डुलून एकमेकांना अडकतात. कमी झाली तर अर्ध्या वाटेत उभे राहतात. संख्या विषम असल्याने डोक्यावरून पलटायच्या बेतात असलेला एक हातोडा नेहमी ‘आता पडेल’ असा दिसतो, या रचनेची सगळी मोहिनी त्यातच आहे. हिशोब मात्र वरचाच.

तिसरं चाक आपल्याकडचं. भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत यंत्राध्यायात हे चाक सांगितलंय: हलक्या लाकडाचं चाक, त्याला सारख्या अंतरावर पोकळ आरे, सगळे एकाच बाजूला कललेले, आणि प्रत्येकात अर्धा पारा. त्याच्याही आधी, ६२८ मध्ये, ब्रह्मगुप्ताने पारा भरलेल्या आऱ्यांचं चाक दिलं आहे. युरोपातली अशी चाकं त्यानंतरची. पुस्तिका यावरून छाती फुगवते, ते ठीक आहे, पण ‘हे चाक यशस्वी झालं होतं’ हे वाक्य तिने कुठून आणलं ते तिलाच ठाऊक. ग्रंथात वर्णन असणं वेगळं आणि चाक चालणं वेगळं.

कारखान्याने पाऱ्याऐवजी रंगीत पाणी दिलंय, त्यात त्यांचं शहाणपण आहे. पाऱ्याची वाफ विषारी असते आणि फुटलेल्या नळीतला पारा फरशीच्या सांध्यांतून काढता येत नाही. कोणी हौसेने पारा मिळवून भरायला जाऊ नये. पाऱ्याची घनता पाण्याच्या साडेतेरा पट, म्हणून पाण्यात खेच कमी दिसते, पण दोन्ही बाजूंची खेच सारख्याच प्रमाणात कमी होते. आठ नळ्या आहेत. प्रत्येकीत सुईच्या सिरिंजने अगदी सारखं माप भरायचं, संचाच्या नळीत १२ मिलिलिटर. अर्ध्या मिलिलिटरची चूकसुद्धा चाकाला एका जागी ओढते. सिलिकॉनची बुचं ढिली आहेत. पाणी दोन दिवसांत झिरपतं आणि माप बिघडतं, तेव्हा बुच बसवल्यावर एम-सीलचा पातळ थर द्या. नळीत पाण्याची सळसळ होत राहते, त्यात ऊर्जा जिरते आणि तिन्ही चाकांत हेच सर्वांत आधी थांबतं.

आता पाण्याचं यंत्र, आणि सांगली-साताऱ्याच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. वरच्या टाकीतून पाणी पाणचक्कीवर पडतं, चक्की पट्ट्याने एक तिरका स्क्रू फिरवते, स्क्रू तेच पाणी पुन्हा वरच्या टाकीत चढवतो आणि मधल्या मध्ये दळणही होतं, अशी कल्पना. इंग्रज वैद्य रॉबर्ट फ्लडच्या १६१८ च्या ग्रंथात असं चित्र आहे आणि १६६१ मध्ये जर्मन वास्तुकार ब्योकलरने यंत्रांचा जो चित्रसंग्रह छापला त्यात अशा गिरण्या आणि सहाणा भरपूर सापडतात. त्या काळी हा वेडेपणा नव्हता. उन्हाळ्यात ओढे आटले की पाणगिरण्या बंद पडायच्या, मग एकदाच टाकी भरून वर्षभर दळता आलं तर कोणाला नको होतं?

म्हैसाळ, ताकारी, टेंभू या उपसा योजनांचं वीजबिल थकलं की काय होतं ते इथल्या शेतकऱ्याला पाठ आहे. हजार लिटर पाणी १०० मीटर चढवायला नुसत्या हिशोबाने ०.२७ युनिट लागतं आणि पंप-मोटारीची गळती धरली की ०.४ च्या आसपास. तेच पाणी तेवढंच खाली सोडलं तर गळती नसतीसुद्धा तर जास्तीत जास्त ०.२७ परत मिळणार. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

संचातला स्क्रू ३२ मिमीच्या पीव्हीसी पाइपवर ८ मिमी पोटाची पारदर्शक नळी नऊ वेढे गुंडाळून करायचा आहे. लांबी ४५० मिमी. वेढे सारख्या अंतरावर पडावेत म्हणून आधी पाइपवर कागदाची पट्टी तिरकी गुंडाळून पेन्सिलने रेघ मारून घ्या. नळी दोन्ही टोकांना केबल टायने आवळा, पण चेपेल इतकी नको. स्क्रू ३५ अंशांवर बसवला तर तो पाणी पंचवीसेक सेंटिमीटर चढवतो. उभा करत गेलं की प्रत्येक वेढ्यात कमी पाणी राहतं आणि ४५ च्या पुढे खालच्या तोंडाशी नुसती बुडबुड ऐकू येते. वेढ्यांची दिशा पुस्तिकेतल्या चित्रात उलटी छापली आहे. तशी गुंडाळली तर पट्ट्यावर फिरणारा स्क्रू पाणी वर चढवत नाही, वेढ्यांत असलेलं खाली ओततो. पट्टा आठच्या आकड्यासारखा तिढा देऊन घातला की दिशा सुलटते, नळी उकलायची गरज नाही.

पाणचक्कीला २०० मिमीचं चाक आणि बारा खापे (पाणी झेलणारे कप्पे) आहेत. पाणी खाप्यांत पडलं पाहिजे, चाकाच्या धावेवर नाही. तोटी आसाच्या रेषेच्या दोन सेंटिमीटर पुढे आणली की शिंतोडे थांबतात. सगळं नीट जमल्यावर वरच्या टाकीतून १ लिटर सोडा आणि किती परत वर आलं ते मापाच्या भांड्यात मोजा. अंदाज असा: चक्की पाण्याच्या ऊर्जेपैकी चाळीस टक्के उचलते, पट्टा त्यातले ऐंशी टक्के पुढे देतो, स्क्रू त्यातले पन्नास टक्के पाण्यात घालतो. ०.४ गुणिले ०.८ गुणिले ०.५ म्हणजे ०.१६. लिटरमागे १६० मिलिलिटर. दीडशेच्या वर मिळालं तर जोडणी चांगली झाली समजा. शंभरच्या खाली असेल तर पट्टा घसरतोय किंवा स्क्रू खाली ज्या खोबणीत फिरतो ती घट्ट आहे. या मॉडेलच्या प्लायला आधी व्हार्निशचे दोन हात द्या. कृष्णाकाठच्या पावसाळ्यात प्लाय नुसत्या हवेनेच फुगतं, इथे तर थेट पाणी उडतं.

चुंबकाचा उतार लहान मुलांना सर्वांत आवडतो. खांबावर चुंबक, त्याच्याकडे चढत जाणारी पट्टी, पट्टीच्या वरच्या टोकाला भोक आणि खाली वळून परत पायथ्याशी येणारी दुसरी पट्टी. चुंबकाने गोळा वर ओढायचा, तो भोकातून पडायचा, खालून परत यायचा. इंग्रज पाद्री जॉन विल्किन्सने १६४८ मध्ये ही रचना चर्चेला घेतली आणि ती का चालणार नाही तेही स्वतःच सांगितलं: जो चुंबक गोळ्याला चढावर ओढण्याइतका जोरदार आहे तो भोकापाशी त्याला खाली कशाला पडू देईल? संचात चुंबक पुढे-मागे सरकवायला ४० मिमीची खाच दिली आहे, हे डोकं लढवून केलेलं काम आहे. चुंबक जवळ आणला की गोळा भोकावरून उडी मारून चुंबकाला चिकटतो. लांब नेला की गोळा पायथ्याशीच बसतो. मधली जागा शोधत पोरं तासन्‌तास बसतात. चढ कमी करा, भोक मोठं करा, गोळा छोटा घ्या, ती जागा सापडत नाही. भोकातून पडलेल्या गोळ्यालाही चुंबक मागे खेचतच असतो, म्हणून खालच्या पट्टीवर तो पूर्वीच्या वेगाने धावत नाही.

एक गंभीर इशारा खोक्यावर हवा होता आणि नाही. हे दोन चुंबक लहान मुलाने गिळले तर आतड्याच्या दोन पदरांना मधे घेऊन एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडू शकतं. घरात लहान मूल असेल तर चुंबक काम झाल्यावर कुलपात. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता दवाखाना.

स्टेविनची माळ हे खरं तर यंत्र नाही, आणि सातांत सर्वांत मोलाची चीज हीच आहे. फ्लेमिश गणितज्ञ सायमन स्टेविनने १५८६ मध्ये कायम चालणाऱ्या यंत्राची अशक्यता गृहीत धरली आणि तिच्यातून उताराचा नियम काढून दाखवला. त्रिकोणी ठोकळा, एक उतार दुसऱ्याच्या दुप्पट लांब. त्यावर १४ मण्यांची बंद माळ: लांब उतारावर चार, आखूडवर दोन, खाली लोंबणारे आठ. चाराचं वजन दोनापेक्षा जास्त म्हणून माळ सरकली, तर सरकल्यावर चित्र पुन्हा जसंच्या तसं, म्हणजे ती कायमच सरकत राहणार. ते शक्य नाही, म्हणजे ती मुळात सरकतच नाही. लोंबणारा भाग दोन्हीकडे सारखा ओढतो, तो काढून टाकला तरी फरक पडत नाही. उरले चार विरुद्ध दोन, तोलून. गणिताची एकही ओळ न लिहिता नियम हाती.

संचात उतार ४०० आणि २०० मिमीचे आहेत, मणी १०० मिमी अंतरावर. लोंबणारे आठ मणी दोन हुकांनी वेगळे करता येतात, फार सुंदर सोय. गडबड घर्षणाची आहे: मणी प्लायवर इतके अडखळतात की चारऐवजी पाच लावले तरी माळ हलत नाही, आणि मग पुरावा कसला? उतारांवर सेलोटेपची पट्टी सलग चिकटवा, कोपऱ्यावरच्या पुलीला तेल द्या आणि प्रत्येक वेळी ठोकळ्याला बोटाने टिचकी मारा. आता चार-दोनला माळ थांबते, आखूड बाजूला तिसरा मणी अडकवला की लगेच तिकडे सरकते. नववीच्या ‘कार्य आणि ऊर्जा’ धड्यासाठी शिक्षकांनी एवढं एकच मॉडेल वेगळं विकत मागितलं तरी चालेल.

सातवा सायफन, म्हणजे पाणी काठावरून पलीकडे खाली उतरवणारी वाकडी नळी. पादुआच्या झोंकाच्या १६०७ च्या पुस्तकातला, उतरती नळी जाड म्हणजे जड, म्हणून पाणी आपणहून वर चढून पलीकडे पडेल, असा समज. बादली आणि दोन नळ्यांनी घरी होतो. सायफनला नळीच्या जाडीशी देणंघेणं नाही, तोंड पाण्याच्या पातळीच्या खाली हवं, बस्स. यासाठी खोक्यात पाइप भरायची गरज नव्हती.

राहिली पुस्तिका. ४८ पानांत सर्वांत जास्त जागा ऑर्फिरेउस ऊर्फ योहान बेस्लर या जर्मन चाकवाल्याला दिली आहे आणि तीही अर्धवट. त्याने १७१२ मध्ये गेरा गावी पहिलं चाक दाखवलं. १७१७ मध्ये कासेलजवळच्या वाइसेनस्टाइन किल्ल्यात सुमारे १२ फुटी, कापडाने मढवलेलं चाक बंद खोलीत ठेवून दाराला मोहोर लावली. १२ नोव्हेंबर १७१७ ते ४ जानेवारी १७१८, म्हणजे ५४ दिवसांनी दार उघडलं तेव्हा चाक फिरत होतं. इथपर्यंत पुस्तिका सांगते आणि ‘रहस्य आजही कायम’ म्हणून मोकळी होते. पुढचं गाळलंय. १७२१ मध्ये डच शास्त्रज्ञ ख्रावेसांडेने चाक बाहेरून तपासलं, न्यूटनला पत्रही लिहिलं, आणि बेस्लरने चिडून चाक फोडून टाकलं. १७२७ मध्ये त्याच्या मोलकरणीने जबानी दिली की चाक शेजारच्या खोलीतून हाताने फिरवलं जायचं. तिची जबानी पूर्ण खरी मानायची की नाही यावर वाद घालता येतो, पण ती लपवून ‘रहस्य’ विकणं बरोबर नाही.

दुसरी घोडचूक: डच संशोधक ड्रेबेलने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या राजाला दिलेलं यंत्र आणि लंडनच्या जेम्स कॉक्सचं १७६० च्या दशकातलं घड्याळ या दोन्हींना पुस्तिका ‘यशस्वी चिरगती यंत्रं’ म्हणते. दोन्ही चालत होती यात शंका नाही. पण ती हवेवर चालत होती. ड्रेबेलच्या यंत्रात तापमान आणि हवेचा दाब बदलला की नळीतलं पाणी वर-खाली व्हायचं. कॉक्सच्या घड्याळात सुमारे ६८ किलो पारा होता आणि वातावरणाचा दाब बदलला की त्या पाऱ्याच्या हालचालीने वजन वर खेचलं जाऊन किल्ली बसायची. बाहेरून ऊर्जा मिळतेय, फक्त ती डोळ्यांना दिसत नाही. हा फरक सांगितला असता तर पुस्तिकेचं निम्मं काम झालं असतं. १७७५ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने अशी यंत्रं तपासायलाच नकार दिला, त्याचा उल्लेखही नाही.

हे इतकं ताणून सांगायचं कारण, मोठं फ्लायव्हील (जड चाक), मोटार आणि अल्टरनेटर (फिरवलं की वीज देणारं यंत्र) जोडून ‘फुकट वीज’ विकणाऱ्या जाहिराती आपल्याकडे जोरात आहेत आणि त्यांची भाषा याच पुस्तिकेसारखी असते. अशा यंत्रापाशी एकच मागणी करावी: मेन लाइनची वायर आणि बॅटरी दोन्ही काढा, १,००० वॅटचा हीटर लावा आणि तासभर चालवा. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(अ) नुसार प्रस्थापित नैसर्गिक नियमांच्या उघड विरोधात जाणाऱ्या दाव्याला पेटंट मिळत नाही, तेव्हा ‘पेटंट मिळालंय’ असं कोणी म्हटलं तर क्रमांक मागून घ्यावा आणि तो नेमका कशासाठी आहे ते वाचावं.

खरेदी करताना दुकानात खोकं उघडून तीन गोष्टी बघा. चाकाचं मधलं भोक बेअरिंगला घट्ट बसतं का, कारण काही खोक्यांत ते अर्धा मिलिमीटर मोठं कापलं गेलंय आणि चाक डगमगतं. गोळे सगळे एकाच मापाचे आहेत का. आणि ८ मिमीची आस गंजलेली नाही ना. सुटे गोळे आणि बेअरिंगं कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतात. आस वाकडी निघाली तर कुपवाडचा कोणीही लेथवाला ब्राइट बारचा तुकडा कापून देईल. शाळेसाठी घेणाऱ्यांनी चार मुलांमागे एक संच धरावा आणि पाण्याच्या मॉडेलखाली ठेवायला पत्र्याचा ट्रे वेगळा आणावा, खोक्यात तो येत नाही.